विहीर नसलेले घर

ज्या घरातून अपत्य गेले, ते घर सोडण्याचा अधिकार आईबापांना असतो. परंतु घर सोडल्याने दुःखही सुटते, असे कोणत्याही शास्त्राने म्हटलेले नाही.

म्हसळ्याजवळच्या घरी, परसातल्या विहिरीत कोंडाजी आणि काशीबाईंची बारा वर्षांची लेक प्राप्ती बुडाली, त्याला वर्ष होत आले होते. कोंडाजींना नागावचे नारळी-पोफळीच्या वाडीसकट बैठे घर आवडले होते. पण तिथेही विहीर होती, आणि काशीबाईंची अट एकच होती. म्हणून त्या दुपारी दोघे रेवदंड्याला तिसऱ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट पाहत होते.

"हितं नळाचं पानी, काकी. विहीर आजूबाजूला पन न्हाय," दलाल दिपेश म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीआड रहाट कुरकुरला.

दिपेशने खिडकीतून डोकावून पाहिले. भिंतीपलीकडे नुसती मोकळी हवा होती.

रहाट थांबला. मग दगडावर कळशी दोनदा वाजली. पाणी शेंदून झाले की प्राप्ती अशीच काठावर कळशी वाजवून आईला उचलायला बोलावीत असे.

कोंडाजींनी पत्नीचा हात धरला. "चल गो. दुसरं बघू."

काशीबाईंनी तो हळूच सोडवला.

"आले गो, बाय," म्हणत त्या भिंतीशी वाकल्या आणि रिकामे हात कमरेशी घेऊन सावकाश उठल्या. ओझ्याने त्यांची कंबर एका बाजूला कलली होती. पदरावरून पाण्याचा ओघळ नव्या फरशीवर उतरला.

"हेच घर घ्या," त्या म्हणाल्या.

त्या घरात तिघांनाही शांती लाभो.