गेटसमोरची बस

मंठा रोडला मोठ्ठी सोसायटी उभी राहिली. तीनशे फ्लॅट, चारशे गाड्या आणि रस्ता मात्र आज्याच्या काळातला, तेवढाच! तरी ट्रॅफिक जाम कुणामुळं? तर गेटसमोर मिनिटभर थांबणाऱ्या सकाळच्या एकुलत्या एका बसमुळं! चेअरमन मार्तंडरावांनी तसा अर्जच दिला, पहिली सही स्वतः ठोकली, आणि बस बंद.

त्याच बसनं शालू खेड्यातून जुन्या जालन्यात शाळेला जायची आणि तिची आई, दुर्गाबाई, त्या सोसायटीत भांडी घासायला. "बस न्हाई तर शाळा न्हाई," बाबानं सांगून टाकलं. ऐन दहावीत शालूचं दप्तर खुंटीला लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी दारात मार्तंडरावांची लांबलचक गाडी हजर. मागं सोसायटीच्याच आणखी अकरा गाड्या, आपापली कामवाली शोधत, हॉर्न बडवत. गावात जन्मात पहिल्यांदा ट्रॅफिक जाम झाला.

"दुर्गाबाई, चला हो जल्दी! चार दिवसांची भांडी पडलीत. मिसेस माझ्याकडं बघून राह्यली!"

"येते की साहेब. पण आधी पोरीला शाळेत सोडायचं, मंग भांडी. रोज. बराबर?"

"बराबर, बराबर! बसा आता."

तेवढ्यात गल्लीतून आणखी चार बाया गाडीकडं पळत येताना दिसल्या.



दुर्गाबाईनं सवयीनं खिडकीतून रुमाल आत फेकला आणि ओरडली, "शाले, पुढची सीट धरली बघ!"