आपल्या माणसांत

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी रत्नपाल आणि ज्योतीनं घरातल्या दोन खोल्या रंगवून घेतल्या आणि मोबाईलच्या अ‍ॅपवर टाकल्या. लॉजपेक्षा घर बरं म्हणून लोकांनी बुकिंगही केलं. पण पहिलं कुटुंब बैठकीत टेकलं आणि चहाला आधण येईपर्यंत उठलंसुद्धा. "आम्ही लॉजवरच बघतो," म्हणत बाईंनी चपला घातल्या. दुसरे पाहुणे तर पाण्याचा पेला तसाच ठेवून गेले. कारण कुणी सांगितलं नाही, आणि ह्या दोघांना ते विचारावंही लागलं नाही.

परवा पुण्याचं एक कुटुंब आलं आणि चक्क राहिलं. ज्योतीच्या हातची भाकरी आणि ठेचा त्यांनी मागून मागून खाल्ला. त्यांच्यातल्या आजी ओट्याशी बसून तिच्याशी लेकीशी बोलावं तशा बोलत राहिल्या. निघताना त्यांनी तिचा हात हातात घेतला. "हॉटेलात हे कुठं गं मिळतं? अगदी आपल्या माणसांत राहिल्यासारखं वाटलं बघ."

गाडी वळणाआड गेल्यावर रत्नपाल आत आला. आतल्या खोलीतल्या पेटीतून त्यानं बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी काढल्या, सदऱ्याच्या बाहीनं पुसल्या आणि बैठकीतल्या रिकाम्या खिळ्यांना अडकवायला स्टुलावर चढला.



"आता लावता काहून?" ज्योती खाली बघत म्हणाली. "उद्या दुसरे येऊन राहिले."