आधी सरांना

डॉक्टरांनी श्रावस्तीच्या पायातला मोजा हळूच सोलून काढला. अंगठ्याचं नख कडेने मांसात रुतलं होतं, पू झाला होता आणि सूज पावलावर चढली होती.

"हे आधीच दाखवायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

तिने आधीच दाखवलं होतं, तिच्या कबड्डीच्या घोडके सरांना. "नखाचे कसले गं लाड? हळद भर आणि चढाईला जा," असं ते सगळ्या संघासमोर म्हणाले होते. त्यानंतर तिने कधी कुरकुर केली नाही, तेव्हा पोरगी तयार झाली म्हणून सर खूश होते.

आता तिच्याबरोबर दवाखान्यात आलेल्या सरांना तिथे उभं राहवेना.

डॉक्टरांनी अंगठ्याला बोट लावलं. "दुखतं का गं?"

श्रावस्तीचे डोळे भरून आले. तिने आधी सरांकडे पाहिलं.

मग म्हणाली, "नाही."