चबुतऱ्यावरचं हेलिकॉप्टर

क्रेनचे पट्टे हेलिकॉप्टरला बांधून झाले, तेव्हा घैसाससाहेब आत जाऊन बसले.

एकोणीस वर्षं खपून त्यांनीच ते घडवलं होतं. दोन खुर्च्या आणि पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन. पण त्या इंजिनाला एकच सडपातळ माणूस झेपायचा, म्हणून आत नेहमी वैमानिक वाघमोडेच बसायचा आणि हातभर वर जाऊन डुचमळत खाली यायचा. परवा प्रकल्प बंद झाला. इंजिन काढून घेतलं आणि उरलेला सांगाडा बागेतल्या चबुतऱ्यावर शोभेला ठेवायचं ठरलं.

"काका, उतरा की," क्रेनवाला म्हणाला.

"बसू दे रे," वाघमोडे म्हणाला. "त्यांच्या वजनाला घाबरणारं इंजिन आता नाहीये."

हेलिकॉप्टर वर गेलं. चबुतऱ्याच्या माथ्यावर येताच साहेबांनी हात केला. "इथंच थांबव. एक मिनिट."

"कशाला?" क्रेनवाल्याने विचारलं.

"चाचणीचा नियम आहे. हवेत मिनिटभर स्थिर राहिलं की पास."

वाघमोडेने खालून घड्याळ लावलं. बागेतली माणसं भेळ खात वर बघत राहिली.

"झालं मिनिट! पास, साहेब! कसं वाटतंय?"

साहेबांनी स्वतःच्या मनात शोधून पाहिलं.

"काहीच नाही रे," ते म्हणाले. "ठेवायला सांग."