बाची फिरकी

दादांचा तिसरा पतंगही कापला गेला, तशी पलीकडच्या गच्चीवरून किरीटकाकांनी थाळी बडवली. "लपेट, हेतल, लपेट. आजोबांचा मांजा तरी वाचव."

हेतल घाईघाईनं फिरकी गुंडाळायला लागली. तोवर खाली गल्लीतल्या पोरांनी लोंबता मांजा तोडून पळवलाही होता.

गेल्या वर्षीच्या संक्रांतीचं उत्तरायण बाच्या, म्हणजे आजीच्या, दुखवट्यातच गेलं. ती गेली आणि दादा गप्प झाले, ते गप्पच. धड रडलेही नाहीत. यंदा हेतलनं हट्टानं त्यांना जिने चढवून वर आणलं होतं. फिरकी मी धरते म्हणाली. पतंग हातात आला की आजोबा पुन्हा माणसांत येतील, अशी तिची वेडी आशा.

बानं सकाळी फिरकी हातात घेतली की दिवेलागणीपर्यंत ती खाली ठेवायची नाही. पदर खोचलेला, कमरेला चिक्कीची पुडी आणि तोंडाचा पट्टा चालू. "त्या किरीटला आज सोडू नका. फार चढलाय." दादांचं बोट कापलं की मागून पट्टी यायची, तोंड सुकलं की मागूनच चिक्की. दादा आभाळावरची नजर न काढता नुसता आ करायचे. सगळी गच्ची हसायची. हेतलला ते आठवलं आणि तिनं फिरकी आणखी घट्ट धरली.

"अशी नव्हती धरत ती," दादा चिडून म्हणाले.

"मग कशी धरायची?"

दादांनी सांगायला तोंड उघडलं. हवेत बोटं फिरवून पाहिली. जमेना.

"मला काय ठाऊक," ते हळूच म्हणाले. "ती माझ्या मागं असायची."

मग त्यांनी नव्या पतंगाची दोरी हेतलच्या हातात कोंबली, फिरकी काढून घेतली आणि तिच्या मागं टाकीपाशी, बाच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

"उडव."

"मला कुठं येतंय, दादा?"

"नाक तर कापलं गेलंच आहे. आणखी काय जायचंय?"

पतंग दोनदा गच्चीवर आपटला, तिसऱ्यांदा वर गेला. लगेच किरीटकाकांचा काळा पतंग त्याच्यावर झेपावला. पेच लागला. हेतल "ढील द्या" म्हणणार, तोच मांजा सरसरत सुटला होता. तिनं खेचायचं मनात आणलं, तर फिरकी आधीच आवळलेली. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी काळा पतंग गोते खात दूर निघून गेला.

"दादा, पाहिलंत ना?" हेतल वळली.

दादा वर बघतच नव्हते. त्यांची नजर तिच्या उजव्या कोपरावर होती. डोळे वाहत होते आणि दोन्ही हात फिरकीत अडकलेले, त्यामुळे पुसायची सोय नव्हती.

"ढील हवी असली की तुझं कोपर आधी हलतं गं," ते म्हणाले. "इथून सगळं कळतं."

मग हातातल्या फिरकीकडे बघत म्हणाले, "मी आपला जन्मभर समजत होतो, ती पतंग बघतेय."