परातीतली वाळू

या, जरा जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. तासगावच्या मनुबाईला लेक वीरधवल "रामेश्वरला जातो" म्हणाला आणि बायकोला घेऊन अंदमानला गेला. दिवसभर दोघं किनाऱ्यावर शहाळी पीत लोळली. दुपारी आईचा फोन आला, "दर्शन झालं का रं?" "लय निवांत झालं, आई!" बायकोनं हसू दाबलं. परतल्यावर मनुबाई उंबऱ्यावर कळशी, परात घेऊन उभी. तीर्थाहून आलेल्यांचे पाय धुवायची रीतच. "आवं आई, नको!" सून मागं सरली. "गप गं. माझं गुडघं कुठं जाऊ देत्यात? तुमच्या पायानं माझीबी यात्रा झाली." बुटांत उरलेली वाळू पायांवरून परातीत उतरली. ती मनुबाईनं कपाळाला लावली. शरमलेल्या वीरधवलनं खरं सांगायला तोंड उघडलं, तर आईनं त्याच्याच ओल्या पायांवर डोकं टेकवलं. बाबांनो, समुद्रकाठी लोळाल, तेव्हा मनुबाईला आठवा.