दोन बटणं

भोरच्या स्टँडवर हिर्डोशीची एसटी लागली, तेव्हा कोंडिबाच्या सदऱ्याची खालची दोन बटणं लावायची राहिली होती.

बाकावर शेजारी बसलेल्या बाळाबाईचा हात सवयीनं पुढं गेला आणि मधेच थांबला. दवाखान्यातून निघताना मिताली डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "आजी, आज सदऱ्याची बटणं बाबांची त्यांना लावू द्या. उजव्या हातानं. किती का वेळ लागेना, तुम्ही मधे पडायचं नाही."

वरची दोन त्यानं लावली होती. एक दवाखान्याच्या पायरीवर, एक इथं बाकावर. तेवढ्याला पाऊण तास गेला होता.

"चला मावशी, गाडी सुटती आता," कंडक्टर दारातून म्हणाला. "पुढची साडेचारला हाय."

गावातली चंद्राबाई आधीच आत जाऊन बसली होती. तिनं खिडकीतून डोकं काढलं. "अगं, लाव की त्येंची बटनं. त्येंच्यानं हुतंय व्हय ते?"

कोंडिबानं ते ऐकलं. तिसऱ्या बटणावर आलेली त्याची बोटं घसरली आणि मांडीवर पडून राहिली.

"तूच लाव," तो म्हणाला. "बास झालं."

बाळाबाईला चंद्राबाईचा राग आला नाही. गेले आठ महिने ती स्वतः हेच बोलत आली होती. कोंडिबाला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून भेटायला येईल त्याला ती दारातच सांगायची, ह्यांचा उजवा हात गेला, आता कशाचं काय. आत बाजेवर पडून तो ऐकत असायचा. आधी त्यानं भाकरी मोडायचं सोडलं, मग पाण्याचा तांब्या उचलायचं, मग काही मागायचंसुद्धा. ती भरवायची, आंघोळ घालायची, बटणं लावायची. आपण कशात कमी पडलो नाही, एवढं तिला समाधान होतं.

आजही दवाखान्यात तिनं तेच सांगितलं होतं. मितालीनं कोंडिबाचा दंड हलवून बघितला आणि विचारलं, "हात गेला असं कोण म्हणालं?"

"मीच म्हणते," बाळाबाई म्हणाली होती.

मिताली रागावली नव्हती. "हात आहे तिथंच आहे, आजी. डोकं त्याला काम सांगायचं विसरलंय. घरातले सगळे म्हणतात गेला, मग तेही बिचारं कशाला सांगेल?"

"लाव की," कोंडिबा पुन्हा म्हणाला. "गाडी जाईल."

बाळाबाईनं जवळची रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्याखाली घातले.

"जाऊ द्या," ती म्हणाली.

"आन् तवर हितं बसायचं?"

"बसू की. घरी कोन ताट वाढून बसलंय."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळून स्टँडबाहेर पडली. चंद्राबाई मान वळवून शेवटपर्यंत बघत होती.

कोंडिबा रागानं दुसरीकडं तोंड करून बसला. बऱ्याच वेळानं, बाळाबाई बघत नाही असं वाटल्यावर, त्यानं डाव्या हातानं सदऱ्याची कड धरली आणि उजवा हात वर ओढला. अंगठा येई तर बोट यायचं नाही. बोट आलं की बटण फिरायचं. त्याच्या कपाळावर घाम आला. एकदा तर बटण अर्धं काजात शिरलं आणि परत निसटलं, तेव्हा बाळाबाईच्या तोंडून श्वास सुटला. पिशवीखाली तिची स्वतःची बोटं हलत होती, बटण लावल्यासारखी.

समोरच्या फलाटावर तीन गाड्या आल्या आणि गेल्या.

"गेलं," कोंडिबा हळूच म्हणाला.

गेलं होतं, पण खालच्या काजात. सदऱ्याची एक बाजू वर चढली होती आणि शेवटच्या बटणाला काजच उरलं नव्हतं. कोंडिबाच्या ते ध्यानात आलं नाही. तो दमून बाकाला टेकला होता आणि त्याचा चेहरा बाळाबाईला कितीतरी दिवसांनी ओळखीचा वाटत होता.

"गेलं," तीही म्हणाली.

साडेचारच्या गाडीत तो डाव्या हातानं दांडी धरून चढला. ती मागं उभी राहिली, पण तिनं त्याला हात लावला नाही. दोघं बसल्यावर कंडक्टर तिकीट फाडायला आला. पोरगेलासा होता. कोंडिबाकडं बघून म्हणाला, "बाबा, बटन चुकलंय तुमचं," आणि नीट करून द्यायला वाकला.

बाळाबाईनं मधे हात घातला. "ऱ्हाऊ द्या. त्यांनी लावलंय ते."

कंडक्टर ओशाळून पुढं गेला. कोंडिबानं मान खाली घालून सदऱ्याकडं पाहिलं. आता हा पुन्हा हात टाकून बसणार, असं तिला वाटलं.

"व्हय की," तो म्हणाला. "खाली गेलंय." मग जरा थांबून म्हणाला, "सोडाया तरी येतंय का बगू."

आणि कुणी काही न सांगता त्याचा उजवा हात मांडीवरून उठला.

गाडी भोर सोडून धरणाच्या पाण्याकडेला लागली होती. बाळाबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं, आणि हिर्डोशी येईपर्यंत ती पाण्याकडंच बघत राहिली.